काळी आणि पांढरी : वऱ्हाडातील बांधकामाचा इतिहास

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत जमिनीचे दोन भाग आहेत : पिकते ती काळी, गाव वसते ती पांढरी. बांधकाम-उद्योगाची ओळख करून घेताना आपण सहसा सिमेंट, लोखंड आणि भांडवल यांपासून आरंभ करतो. अमरावती-अकोल्यापुरता तरी तो या दोन शब्दांपासून करावा, असे आम्हांस वाटते. कारण वऱ्हाडातील बांधकामाचा इतिहास हा काळी आणि पांढरी यांच्यातील सरकत गेलेल्या सीमेचा इतिहास आहे.

या उद्योगाची प्रमुख अंगे तीन : घरे व इतर इमारती; रस्ते, लोहमार्ग, धरणे अशी पायाभूत कामे; आणि कारखान्यांचे औद्योगिक बांधकाम.

पहिले अंग सर्वांत जुने. पूर्णेच्या खोऱ्यात खडक खोल गाडलेला, वर गाळाची माती. गाविलगड आणि नरनाळा हे दगडी किल्ले सातपुड्यावर उभे राहिले, तर १७५७ साली पुरा झालेला मैदानातला बाळापूरचा किल्ला विटांचा आहे. खेड्यांतील घरे मातीच्या भिंतींची व धाब्याची; माती बहुधा पांढरीचीच. घर पडे, आणि त्याच मातीतून पुन्हा उभे राही. काळीला हात लावण्याचे कारण पडत नसे.

उरलेली दोन अंगे वाढली ती कापसामुळे. पेंढाऱ्यांपासून रक्षणासाठी निजामाच्या राजवटीत १८०७ साली अमरावतीच्या परकोटाचे काम सुरू झाले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवीने कापसाला अपूर्व भाव दिला, आणि १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोहोचली. पाठोपाठ सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या व गाठी बांधणाऱ्या प्रेसिंगच्या कारखान्यांची धुराडी उभी राहिली. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे शकुंतलेचे अरुंद रूळ गेले. पुलांचा आणि पत्र्याच्या शेडांचा खर्च, अंतिमतः, काळीनेच दिला. स्वातंत्र्यानंतर काटेपूर्णा आणि ऊर्ध्व वर्धा या धरणांखाली काही गावांची काळी पाण्यात गेली, ती दुसऱ्यांची काळी भिजावी आणि शहरांना पाणी मिळावे म्हणून.

मात्र काळी बांधकाम सहजी स्वीकारत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर उभी भिंत तिच्याबरोबर हलते आणि तडकते. म्हणून ती खणून काढून मुरूम भरावा लागतो, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवावे लागतात. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही काँक्रीटला चालेलच असे नाही. त्यातील क्षार लोखंड गंजवतात. ज्या गुणांमुळे ही माती कापसाला मानवते, तेच गुण पायाला मानवत नाहीत.

तरीही वेग वाढतो आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची सलग डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाली आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ७२० कामगार त्यासाठी राबले. विक्रमाच्या बातम्यांत कंपनीचे नाव आले, मंत्र्यांचे आले. कामगारांची संख्या तेवढी आली. परकोटाच्या पाथरवटांचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तिथे तर संख्याही नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचे कायदे झाले, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ साली आले. त्याच्या नोंदणीसाठी वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. मेळघाटातून कामासाठी खाली उतरणारा कोरकू मजूर आज एका मुकादमाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असतो. त्याला तो दाखला कोणी द्यावा, हा प्रश्न उरतोच.

आज दोन्ही शहरांच्या कडेला काळी अकृषक होते आहे, तिच्यात ले-आउट पडत आहेत. ले-आउट हा शब्द सोयीचा आहे, पण त्याला जोडीचा शब्द नाही. पांढरी म्हणताच काळी आठवे. गाव कोठे थांबते, हे त्या जोडीतच सांगितलेले असे. भाषेने राखलेली ही मर्यादा नकाशावर कोणी राखायची, हे आता आपणांस ठरवावे लागेल.