जपानी कचेरी आणि मौनाचा कायदा

ज्या देशांत अन्यायाचा कायदा असतो तेथें सुधारकाचें काम कठीण असतें. परंतु जेथें कायदा नसून केवळ मौन असतें, तेथें तें अधिकच कठीण होतें, असें आमचें मत आहे. कायदा रद्द करवितां येतो. मौन रद्द करावें अशी दाद कोणाकडे मागावयाची? समलिंगी व पारलिंगी लोकांना कचेऱ्यांतून व कारखान्यांतून मानानें वावरतां यावें म्हणून जपानांत जी चळवळ झाली, तिचा इतिहास या दृष्टीनें उद्बोधक वाटल्यावरून तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

पुरुषापुरुषांतील प्रेम जुन्या जपानास अपरिचित नव्हतें. सामुराईंमध्यें व बौद्ध मठांत त्याची परंपरा होती, आणि इहारा साइकाकु या विख्यात कथाकारानें १६८७ सालीं याच विषयावर एक मोठा कथासंग्रह प्रसिद्ध केला. पुढें मेइजी राजवटीच्या आरंभीं अशा संबंधास गुन्हा ठरविणारें कलम आलें खरें. पण फ्रेंच कायदेपंडित ब्वासोनाद यांच्या साहाय्यानें तयार झालेला नवा दंडसंग्रह १८८२ सालीं अमलांत आला, तेव्हां तें गळून पडलें. आमच्याकडे १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें निष्प्रभ होण्यास ६ सप्टेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला. ही तुलना वर्गांत केली म्हणजे जपान आमच्या फारच पुढें होता, असें विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु हा समज वरवरचा आहे.

कलम गेलें, तरी कुटुंबाची सरकारी नोंदवही राहिली. जपानी राज्यव्यवस्था माणसास या नोंदवहींतून ओळखते, आणि महायुद्धानंतर वाढलेल्या मोठ्या कंपन्यांनींहि हीच दृष्टि आपलीशी केली. कुटुंबभत्ता, विवाहप्रसंगीं मिळणारी अहेराची रक्कम, आप्ताच्या मृत्यूनंतरची रजा हें सर्व ‘पति’ वा ‘पत्नी’ या शब्दावर अवलंबून. कचेरी सुटल्यावर सहकाऱ्यांनीं मद्यपानास एकत्र बसण्याची तेथें चाल आहे, त्या बैठकींत “लग्न केव्हां करणार?” हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनांत द्वेष नसतो. पण ज्याचें प्रेमपात्र सांगण्याजोगें मानलें जात नाहीं, त्यास दर वेळीं एक नवें असत्य रचावें लागतें. एकाच कंपनींत तीस वर्षें काढणाऱ्यास तें तीस वर्षें सांभाळावें लागतें. यालाच आम्ही मौनाचा कायदा म्हणतों.

या मौनास पहिला मोठा तडा न्यायालयांत गेला. ‘ऑकर’ नांवाच्या समलिंगी तरुणांच्या संस्थेस टोकियो महानगराच्या अधिकाऱ्यांनीं १९९० सालीं फुचू येथील युवकनिवास पुन्हा वापरूं देण्याचें नाकारलें. संस्थेनें १९९१ मध्यें दावा लावला. १९९४ मध्यें जिल्हा न्यायालयानें व १९९७ मध्यें उच्च न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला. सरकारी अधिकाऱ्यास अज्ञानाची सबब सांगतां येणार नाहीं, हें त्या निकालाचें सार होय. परंतु युवकनिवासांत माणूस चार रात्री राहतो. कचेरींत तो आयुष्य घालवितो.

या कचेरीकडे लक्ष वळविणारांत मुराकी माकी यांचें नांव अग्रभागीं येतें. स्वतः समलिंगी असलेल्या या क्योतो विश्वविद्यालयाच्या पदवीधर बाईंनीं प्रथम खासगी कंपन्यांत नोकऱ्या केल्या, आणि २०१३ सालीं ओसाका येथें ‘निजिइरो डायव्हर्सिटी’, म्हणजे इंद्रधनुषी विविधता, ही संस्था नोंदविली. त्यांची कार्यपद्धति ध्यानांत घेण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विश्वविद्यालयाच्या लिंगभाव-अभ्यास केंद्राच्या सहकार्यानें २०१४ पासून त्यांच्या संस्थेनें नोकरवर्गाची पाहणी चालविली. ‘आमच्याकडे असें कोणी नाहीं’ असें म्हणणाऱ्या व्यवस्थापकास उपदेशानें पटत नाहीं. आंकडे पुढें ठेवले म्हणजे तो निदान ऐकून तरी घेतो. २०१६ पासून ‘वर्क विथ प्राइड’ या दुसऱ्या संस्थेनें पांच कसोट्या लावून कंपन्यांस सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा श्रेणी देण्यास आरंभ केला. आणि २०१७ सालीं उद्योगपतींचा प्रमुख महासंघ केइदानरेन यानेंहि या विषयावर आपलें निवेदन काढलें.

येथें एक आक्षेप संभवतो. कंपनीनें औदार्यानें दिलेलें, तें औदार्य आटतांच परत घेतलें जाणार नाहीं कशावरून? हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. म्हणूनच पुढील घटना अधिक मोलाच्या. कचेरींतील छळ रोखण्याचें बंधन घालणारा कायदा २०१९ सालीं झाला. तो मोठ्या कंपन्यांस २०२० पासून व लहानांस २०२२ पासून लागू झाला, आणि कोणाची लैंगिक ओढ त्याच्या संमतीवांचून चारचौघांत उघड करणें हाहि छळच, असें त्याखालील मार्गदर्शक सूचनांत सांगितलें गेलें. ११ जुलै २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयांतील एका पारलिंगी स्त्रीस न्याय दिला. कामाच्या मजल्यापासून दोन मजले दूर असलेलेंच स्त्रियांचें स्वच्छतागृह तिनें वापरावें, असा तिच्यावर निर्बंध होता. त्याच वर्षीं झालेल्या जनजागृतीच्या कायद्यांत मात्र शिक्षेची तरतूद नाहीं. मालकांनीं प्रयत्न करावा, एवढेंच तो सांगतो.

या इतिहासांतून आम्हांस दिसतें तें असें. मौन मोडण्यास प्रथम कोणी तरी आपलें नांव घेऊन उभें राहावें लागतें, मग त्या एकाचे अनेक आहेत हें मोजून दाखवावें लागतें, आणि शेवटीं जें सवलत म्हणून मिळालें तें हक्क म्हणून लिहून घ्यावें लागतें. मुराकीबाईंनीं पहिलीं दोन कामें केलीं. तिसरें अर्धेंच झालें आहे. “लग्न केव्हां करणार?” या प्रश्नास जेव्हां कोणीहि न भितां खरें उत्तर देईल, तेव्हां त्या कचेरींत मौनाचा कायदा रद्द झाला असें समजावें.