परळचा डॉक्टर, चीनचा स्वयंसेवक

मंडळी, आपल्या प्रत्येक गावात वर्षातून एकदा तरी निरोपसमारंभ होतोच. शाळेतली शेवटच्या वर्गाची मुले पुढच्या रांगेत बसतात, गुरुजी चार शब्द बोलतात, एखादी मुलगी बोलता बोलता मध्येच थांबते, पेढे वाटतात, फोटो निघतो. अध्यापक विद्यालय असो, परिचारिकांची शाळा असो, की शहरातले मोठे वैद्यकीय महाविद्यालय असो. थाट कमीजास्त, रीत हीच. ‘शिक्षण पुरे झाले’ असे त्या दिवशी आपण सहज म्हणून जातो. ते शिक्षण कोणाच्या उपयोगी पडणार, हे मात्र त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

अशाच एका निरोपाची हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे. साल १९३८. मुंबईला गिरगावात काँग्रेस हाऊस आहे, त्याच्या आवारात जीना हॉल. १९१८ साली गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवाला मुंबईकरांनी उघड विरोध केला, त्या लढ्याची आठवण म्हणून लोकांनी वर्गणी काढून हा हॉल बांधला. या हॉलमध्ये पाच डॉक्टरांना निरोप देण्यासाठी सभा भरली. अध्यक्षस्थानी होत्या सरोजिनी नायडू. डॉक्टर निघाले होते चीनला. पगारासाठी नाही, पदवीसाठी नाही. परक्या देशातल्या जखमी माणसांना मलमपट्टी करायला, स्वयंसेवक म्हणून.

आता तुम्ही विचाराल, आपलाच देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. आपल्याच खेड्यांत डॉक्टर नाही, औषध नाही. मग पाच डॉक्टर समुद्रापार धाडायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर उघड युद्ध सुरू केले. शहरांमागून शहरे पडू लागली. चीनजवळ सैनिक पुष्कळ होते, पण जखमी सैनिकाला वाचवणारे शस्त्रवैद्य फारच थोडे. चीनच्या आठव्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी १९३७ च्या नोव्हेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. औषधे हवीत, शस्त्रक्रियेचे साहित्य हवे, डॉक्टर हवेत. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांनी ३० जूनला देशाला आवाहन केले, आणि ७ ते ९ जुलै हे दिवस चीनच्या मदतीसाठी निधी गोळा करण्याचे ठरले. २२ हजार रुपये जमले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि ती दिली होती स्वतः पारतंत्र्यात असलेल्या लोकांनी. उत्तर इथेच आहे, पाहा. जो स्वतः भरडला जात असतो, त्याला दुसऱ्याच्या जात्याचा आवाज लवकर ऐकू येतो. स्वतंत्र देश दुसऱ्या देशाला मदत धाडतात. आपल्या पुढाऱ्यांनी ठरवले, स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबायचे कशाला? त्या देशांसारखे आजच वागू.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते नुकतेच स्पेनमधल्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. बसू. पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, म्हणजे निघाले तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते.

कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण झाले परळला, शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. या महाविद्यालयाची कथाही शिक्षकांनी मुलांना सांगावी अशी आहे. सरकारी वैद्यकीय नोकऱ्यांत मोठ्या जागा गोऱ्यांकडे जात, अशा काळात या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली की इथे शिकवणारे अध्यापक हिंदी असले पाहिजेत, लायक असले पाहिजेत आणि सरकारी नोकर नसले पाहिजेत. १९२५ साली महाविद्यालय सुरू झाले, १९२६ साली त्याला जोडून के. ई. एम. रुग्णालय उघडले. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, हेच पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. सभोवती गिरण्यांची वस्ती. भोंग्यावर उठणारा गिरणीकामगार हाच इथला रोगी. ज्या मुलांनी इथे नाडी धरायला शिकून घेतले, त्यांनी पुस्तकाबरोबर गरिबाचे दुखणेही वाचले. हिंदी माणूस डॉक्टर घडवू शकतो, हे या परळच्या इमारतींनी सिद्ध केले. आणि तिथे घडलेला डॉक्टर दुसऱ्या राष्ट्राच्या हाकेला धावून जाऊ शकतो, हे कोटणीसांनी दाखवले.

कोटणीस तेव्हा पदवी घेऊन पुढच्या परीक्षेच्या तयारीत होते. वाट सरळ होती. परीक्षा द्यावी, मोठ्या शहरात दवाखाना काढावा, सोलापूरच्या घरी पैसे पाठवावेत. घर मध्यम स्थितीतले, भावंडे पुष्कळ. अशा घराची डॉक्टर मुलाकडून काय अपेक्षा असते, हे तुम्हाला सांगायला नको. आणि या मुलाने घरी विचारले, मी चीनला जाऊ का? त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले होते की, घरच्यांना चीनची माहिती ती काय, तर दारावर चिनी रेशीम विकायला माणसे येतात एवढीच! तरीही घराने त्यांना अडवले नाही. स्वयंसेवक एकटाच घडत नसतो, बरं का. जाणारा एक असतो, पण त्याच्यामागे राहून चूल चालवणारेही स्वयंसेवकच असतात. त्यांना हार कोणी घालत नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई बंदर सोडले. १७ सप्टेंबरला पथक कॅन्टनला पोहोचले. तिथे त्यांच्या स्वागताला डॉ. सुन्यत सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग आल्या होत्या. पण स्वागताचे दिवस थोडेच. पुढच्याच महिन्यात कॅन्टनही पडले, हँकौही पडले. पथक चुंगकिंगला गेले. तिथे प्रत्येकाने आपल्या नावापुढे ‘हुआ’ हे अक्षर जोडून चिनी नाव घेतले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दीहुआ. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. तिथे पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा खोदून त्यांत माणसे राहत, आणि रुग्णालयही गुहांतच. के. ई. एम.च्या प्रशस्त दालनांत शिकलेला डॉक्टर आता गुहेत रोगी तपासू लागला.

इथे मंडळी, ‘शिक्षण पुरे झाले’ हे वाक्य कसे अपुरे पडते ते पाहा. रोग्याला ‘कुठे दुखते?’ हेही विचारता येत नव्हते. तेव्हा या पदवीधराने नव्याने विद्यार्थी व्हायचे ठरवले. चिनी बोलायला शिकले, मग लिहायला-वाचायला. त्या लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेक चिन्ह घोटून पाठ करायचे. पुढे त्यांची इतकी तयारी झाली की ते चिनी भाषेतच वर्ग घेऊ लागले.

ठरल्याप्रमाणे हे काम वर्षभराचे होते. वर्ष सरले. प्रकृतीने, कामाने, परिस्थितीने एकेक जण परतला. यात कमीपणा काहीच नाही. जितके करायचे कबूल केले होते तितके त्यांनी केले. कोटणीस आणि बसू मागे राहिले. याच काळात कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. घरी परत जायला याहून मोठे कारण कोणते? पण ते परतले नाहीत. हा निर्णय बरोबर होता की चूक, हे आपण सांगू नये. सोलापूरच्या घरात त्याची काय किंमत मोजली गेली असेल, याची नुसती कल्पना करावी, आणि थोडा वेळ गप्प बसावे.

उत्तर चीनच्या आघाडीवर आधी डॉ. नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे शस्त्रवैद्य काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. कोटणीस त्या भागात पोहोचले तेव्हा बेथून गेलेले होते. बेथूनांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे पक्क्या भिंतींची इमारत समजू नका. शत्रू जवळ आला की रोगी, खाटा, औषधे खेचरांवर आणि माणसांच्या खांद्यांवर घालून दुसऱ्या गावी न्यायची. १९४० च्या लढाईत तर त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात.

पण मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे शिकवणे. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरे तिथे शिकत. एक डॉक्टर किती जखमी वाचवील? शंभर, पाचशे, हजार. पण त्याने पन्नास डॉक्टर घडवले, तर तो नसतानाही काम चालू राहते. कोटणीसांनी हे ओळखले होते. विद्यार्थ्यांसाठी ते चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. परळच्या गुरूंकडून जे घेतले, ते होपेई प्रांतातल्या खेड्यातल्या मुलांच्या हाती द्यायचे, असा हा व्यवहार. शिक्षक मंडळींना तो वेगळा समजावून सांगायला नको.

तिथेच १९४१ साली त्यांनी कुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. आईबापांनी त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय ३२. पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

पाचांपैकी चौघे मायदेशी आले. डॉ. बसू १९४३ साली परतले. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा चीनला गेले, तेव्हा सुया टोचून उपचार करण्याची तिथली विद्या शिकले आणि ती त्यांनी कलकत्त्यात रुजवली. म्हणजे त्यांचेही शिक्षण कधी संपले नाहीच.

आणि योगायोग पाहा. कोटणीसांची कथा पडद्यावर नेली ती परळनेच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या पथकावर पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली. शांतारामांचे राजकमल कलामंदिरही परळलाच होते. ज्या वस्तीत हा तरुण डॉक्टर झाला, त्याच वस्तीत तो चार वर्षांनी पडद्यावर उभा राहिला.

पुढे १९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. मने दुरावली, सीमेवरचा ताण त्यानंतरही पुनःपुन्हा वर आला. तरीसुद्धा कोटणीसांची समाधी चीनने जपली. २००६ साली चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ मुंबईला आले, तेव्हा ते कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटले. राज्ये भांडतात, पण ज्याच्या पायातली गोळी एखाद्या परदेशी डॉक्टरने रात्रभर जागून काढली, त्याच्या घरात त्या डॉक्टरचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहते. सोलापुरातले कोटणीसांचे घरही आता स्मारक झाले आहे. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना ते अवश्य दाखवा.

शेवटी पुन्हा निरोपाकडे येऊ. चीनमध्ये शिजियाझुआंग शहरात कोटणीसांच्या चिनी नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एका दगडी पुतळ्यापुढे शपथ घ्यावी लागते: या माणसासारखे काम करीन. तो पुतळा सोलापूरच्या मुलाचा, परळच्या विद्यार्थ्याचा.

तेव्हा गुरुजी, बाई, यंदाच्या निरोपसमारंभात तुमच्यासमोर मुले बसली, की पेढे अवश्य वाटा, फोटोही काढा; आनंदाच्या दिवशी आनंद व्हावाच. फक्त एक गोष्ट त्यांना विचारून ठेवा. म्हणावे, ‘बाळांनो, इथून जे नेता आहात, ते पुढे कोणाला देणार?’ उत्तर लगेच मागू नका. कोटणीसांनाही ते गिरगावच्या हॉलमध्ये सांगता आले नसते. ते त्यांनी होपेईच्या एका खेड्यात, अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाच्या पानांवर लिहून ठेवले.