जयकर समितीने लावलेले रोप

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर म्हटले की पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि तिथले त्यांच्या नावाचे ग्रंथालय आठवते. आम्हा रस्तेवाल्यांना मात्र जयकर वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत आणि ते कारण त्यांच्या महाराष्ट्रात फारसे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले. दुरुस्तीचा भार प्रांतांवर आणि लोकल बोर्डांवर; त्यांना तो झेपेना. १९२७ मध्ये सरकारने रस्ते विकास समिती नेमली, अध्यक्ष जयकर. पुढच्याच वर्षी आलेल्या अहवालात त्यांनी स्पष्ट सांगितले, की रस्ता हा केवळ स्थानिक प्रश्न नाही, त्याची जबाबदारी देशाने घ्यावी. पैसा पेट्रोलवरच्या जादा करातून उभा करावा आणि रस्त्यांच्या अभियंत्यांना एकमेकांचे अनुभव तपासता येतील अशी संस्था काढावी. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा रस्ते निधी सुरू झाला आणि डिसेंबर १९३४ मध्ये दिल्लीत इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) स्थापन झाली.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या डिसेंबरात, या संस्थेच्या पुढाकाराने सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आज आपल्या तोंडी असलेली वर्गवारी त्या बैठकीत ठरली. सुपीक मुलखातले कुठलेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे त्यांनी लिहून ठेवले. वीस वर्षांसाठी आखलेले लांबीचे उद्दिष्ट १९६१ पर्यंतच ओलांडले गेले. लांबी गाठली, दर्जा नाही, हेही इथेच सांगायला हवे.

माझी नोकरी मराठवाड्यात, सार्वजनिक बांधकाम विभागात झाली. तिथे या संस्थेचे खरे काम कळते, कारण तिथे काळी माती आहे. कोरडी असताना दगडासारखी, आणि चार दिवस पाण्यात भिजवून सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचे माप, काढला की आकडा दोन-तीन टक्क्यांवर येतो. असल्या जमिनीवर मुरूम किती, खडी किती, वर डांबर किती, याचे उत्तर आयआरसी ३७ या पुस्तिकेत असते. ही १९७० मध्ये प्रथम निघाली. जाडी कमी करून लांबी वाढवा, म्हणजे आणखी एका वाडीला रस्ता मिळेल, असा आग्रह मला अनेकदा झाला. आग्रह करणाऱ्यांची कळकळ खरी असे. पण दोन पावसाळ्यांत तो रस्ता खचला असता. नवख्या कनिष्ठ अभियंत्याचा शब्द तिथे टिकत नाही. पुस्तिकेचा छापलेला क्रमांक टिकतो. त्यामागे समितीचा मसुदा, मानक समितीची छाननी, कार्यकारी समिती आणि परिषदेची मंजुरी असते, आणि ही माणसे बहुधा स्वतः रस्त्यावर उभी राहिलेली असतात.

गतिरोधकाचे उदाहरण घ्या, ते तर वाचकाच्या रोजच्या वाटेवरचे आहे. १९८८ च्या आयआरसी ९९ प्रमाणे उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, उंचवट्याचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी, असा हिशेब. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक, अंगावर काळे-पांढरे पट्टे. प्रत्यक्षात अपघात झाला की रात्रीतून गावकरी डांबराचा उभा बांध घालतात. दुचाकीवर मागे बसलेली बाई त्यावरून उडून पडते आणि जीव वाचवायला घातलेला बांध जीवावर उठतो. गावकऱ्यांना दोष देऊन चालणार नाही. योग्य माप काय, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

संस्थेचे मोठे उणेपण मला इथेच दिसते. तिच्या हाती शिक्षेचा अधिकार नाही. शासनाने आदेश काढला किंवा निविदेत अट घातली, तरच कोड बंधनकारक होतो. आणि पुस्तिका बहुतेक इंग्रजीत, विकत घ्यायच्या. त्यामुळे जयकरांनी सुचवलेला अनुभवांचा साठा अभियंत्यांपाशीच राहिला.

निदान गतिरोधक, साइडपट्टी, मोरी आणि ग्रामीण रस्त्यांची मापे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, फुकट वाचायला मिळावीत. निवृत्त अभियंत्यांनी भाषांतराला हात लावावा; मी माझ्यापुरती गतिरोधकाच्या पुस्तिकेपासून सुरुवात केली आहे. आणि तुमच्या गावात नवा रस्ता होत असेल, तर उपअभियंत्याला जरूर विचारा: मातीचा सीबीआर किती आला?