कापसाचा बोळा आणि कानांतलें गाणें

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. आजच्या विषयाचा आरंभही कापसाच्या एका बोळ्यापासूनच होतो. १८५३ मध्यें निजामाकडून ह्या प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला व १८६७ मध्यें अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोंचली. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि बैलांच्या घुंगरांस सरावलेल्या कानांस यंत्रांच्या अखंड घरघरीची ओळख झाली. गोंगाट असह्य झाला कीं कानांत बोळा घालावा, हा उपाय घरोघर ठाऊक होता. परंतु कोरड्या कापसांतून हवा सहज जाते, आणि हवेच्या वाटेनेंच नादही जातो. बोळ्यानें कानाचें समाधान होतें, रक्षण फारसें होत नाहीं. १९०७ मध्यें बर्लिनचे औषधविक्रेते माक्स नेगवेर यांनीं हाच कापूस मेणांत मुरवून 'ओहरोपाक्स' नांवाच्या गोळ्या केल्या. मेणानें कापसाचीं छिद्रें बुजलीं आणि नादाची वाट अडली.

पण गोंगाट अडवावा आणि गाणें मात्र आंत घ्यावें, हें कसें साधावें? ह्या प्रश्नाचें उत्तर त्याही पूर्वीं सांपडलें होतें. अर्नेस्ट मर्काडिए ह्या फ्रेंच अभियंत्यानें १८९१ मध्यें कानाच्या छिद्रांत बसणाऱ्या टेलिफोन-श्रवणीचें पेटंट घेतलें. तिच्या टोकांस रबराचीं आवरणें होतीं. कानास घर्षण होऊं नये आणि बाहेरचा आवाज आंत येऊं नये, असा त्यांचा दुहेरी हेतु होता. आज दुकानांत मिळणाऱ्या रबरी टोकांच्या इअरफोनचें बीज तें हेंच.

आपल्याकडे मात्र श्रवणाचा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट; परिणामकारक पल्ला सुमारें तीस मैल. त्या टापूंत स्वस्त स्फटिक-संचास हेडफोन जोडून कार्यक्रम ऐकतां येत असे. शेंकडों मैल दूर असलेल्या अमरावती-अकोल्यास तो संच मुकाच! येथें व्हॉल्व्हचा मोठा संच व उंच एरिअल लागे. असा संच कर्णा वाजवूं शकतो. म्हणून एकट्याच्या कानाऐवजीं सबंध दिवाणखानाच ऐकूं लागला. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र उघडलें, तेव्हां प्रक्षेपण वऱ्हाडाच्या जवळ आलें. तरी रेडिओ कुटुंबाचाच राहिला.

हें चित्र पालटलें तें १९७९ मध्यें निघालेल्या वॉकमननें. गाणें खिशांत आलें व एकट्याचें झालें. परंतु त्याचे हेडफोन कानावर नुसते टेकत. गाडीची धडधड आंत येई, आणि तिच्यावर मात करण्यासाठीं मनुष्य आवाज वाढवी. सारा अनर्थ येथेंच आहे. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणें प्रौढांस निर्धोक. पुढें प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला पांचच तास! समजा, डब्यांत ८० डेसिबलचा गोंगाट आहे आणि गाणें स्पष्ट व्हावें म्हणून आपण तें ८९ वर नेलें. तर बडनेऱ्याहून नागपुरास एकदां जाऊन येण्यांतच आठवड्याचा बहुतेक सारा सांठा संपतो. उलट इअरफोननें २० डेसिबल अडविले, तर आंत ६० च उरतात आणि गाणें ७० वरही सुखानें ऐकूं येतें.

म्हणून निवड करतांना किंमतीआधीं बैठक पाहावी. लहान, मध्यम, मोठीं अशीं टोकें सोबत असतात. प्रत्येक कानास तीं लावून पाहावीं, कारण दोन्ही कान सारखे असतातच असें नाहीं. टोंक नीट बसलें कीं स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो व बाहेरचें बोलणें मंदावतें. फट राहिली तर प्रथम तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज नाहींसा होतो. असें झाल्यास आवाज न वाढवितां टोंक बदलावें. फोमचें टोंक दाबून घातल्यावर कानांत फुगतें व गोंगाट अधिक अडवितें; रबरी टोंक धुण्यास सोपें. विजेच्या साह्यानें उलट लहर निर्माण करून गोंगाट मारणारे इअरफोनही मिळतात. गाडीच्या संथ घरघरीवर ते फार गुणकारी, माणसांच्या बोलण्यावर कमी.

मात्र जें साधन गोंगाट अडवितें तेंच मोटारीचा कर्णाही अडवितें. रस्त्यावर वा रूळ ओलांडतांना तें कानांत नसावें. घरांत तर कर्ण्यावर चार माणसांनीं मिळून ऐकण्याची जुनी चाल अजूनही चांगलीच आहे. प्रवासांत कान मिटावे लागले तरी ते गाण्यासाठीं मिटावे, आणि गाणें हळू लावावें. म्हणजे उतारवयांतही नातवंडांची हांक पहिल्याच वेळीं ऐकूं येईल.