हळुवार : एका पावलाचा माग

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, ‘अमानित्व’ या श्लोकावरील भाष्यात, अहिंसक माणूस चालतो कसा हे ज्ञानदेव सांगतात. आधी पाण्याची लाट न मोडता पाऊल टाकणारा बगळा येतो. मग येतात कमळावरचे भुंगे. केसर चुरगळेल या धास्तीने ते पाय ठेवतात, आणि तिथे शब्द आहे ‘हळुवार’. आज आपण गाण्याला, भावनेला हळुवार म्हणतो. इथे मात्र तो पावलापुरता आहे आणि क्रियापदाला लगटून येतो.

पण तो ज्ञानदेवांचाच कशावरून? ग्रंथ शके 1212 चा (इ.स. 1290). एकनाथांनी पाठशुद्धी केली शके 1506 मध्ये (इ.स. 1584). मधली 294 वर्षे नकलकारांची, म्हणजे संशयाची. शब्दाच्या बाजूने साक्ष देते ते यमक. प्रचलित पाठात ‘भ्रमर’, ‘हळुवार’, ‘केसर’ असे चरणान्त आहेत. यमकात अडकलेला शब्द सहसा हलत नाही. हा निर्णायक पुरावा नव्हे, पण दुवा भक्कम आहे. मुळात शेवटी ‘हळुवारु’ असा उकार असावा, हा माझा तर्क.

त्याही मागे जाता येते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात ‘लघुक’पासून ‘लहुअ’ आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’, अशी प्राकृत रूपे दिली आहेत. म्हणजे ‘हळू’च्या मुळाशी मंदपणा नाही, वजन आहे. भुंगा सावकाश उतरतो असे नव्हे. तो भार पडू देत नाही.

आता हाच माग आजच्या बोलीत काढू, केंदूरला. शिरूर तालुक्यातले हे गाव संत कान्होराज पाठकांचे. परंपरा त्यांना ज्ञानदेवांचे समकालीन मानते. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे, म्हणून त्यावर मी काही उभारत नाही. मला जास्त भरवशाचा वाटतो तो या पट्ट्यातला कांदा. लवकर येणारा आणि फार न टिकणारा तो हळवा; उशिरा येणारा, बराखीत महिनोन्‌महिने राहणारा तो गरवा. ‘हळवा’ लघूकडून आला हे बऱ्यापैकी निश्चित. ‘गरवा’ गुरूकडून आला असावा. तसे असेल, तर लघु-गुरूची जुनी जोडी इथल्या वावरात अजून नांदते आहे.

केंदूर-पाबळ भागात कुणाच्या घरी तेराव्या अध्यायाची हस्तलिखित पोथी असेल, तर ही ओवी काढून शेवटचे अक्षर ‘र’ आहे की ‘रु’ ते पाहावे, आणि पोथीअखेरीचा लेखनशक टिपून ठेवावा.