नेत्रहीन कोळ्याचें कुळ

पॅसिफिक महासागरांतील हवाई द्वीपसमूह ज्वालामुखींनीं घडविलेला आहे. तप्त लाव्हा वाहत असतां वरची साय गोठते, आंतला रस पुढें निघून जातो आणि मागें लांबच लांब भुयार उरतें. अशीं भुयारें या बेटांवर पुष्कळ आहेत. परंतु त्यांत खरेखुरे गुहावासी प्राणी नसावयाचेच, असें विद्वान् मंडळी दीर्घकाळ धरून चालली होती. हिमयुगाच्या उलथापालथींत जे जीव गुहांच्या आश्रयास गेले त्यांचेच वंशज गुहावासी झाले. मग उष्ण कटिबंधांतील बेटांवर ते कोठून येणार? तर्क मोठा सुबक होता. उणीव एवढीच, कीं त्या भुयारांत कोणी फारसें डोकावलेंच नव्हतें.

१९७१ सालीं होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांनीं तीं धुंडाळावयास आरंभ केला. त्याच सालीं कौआई बेटावरील कोलोआ भागांत एक कोळी सांपडला. त्याला डोळेच नव्हते!

नमुने कोळ्यांचे नामांकित अभ्यासक विलिस गर्च यांच्यापुढें आले, आणि पेंच पडला. हा प्राणी दिसावयास लांडगा-कोळ्यांच्या कुळांतला. हे कोळी बहुधा जाळें न विणतां धांवून शिकार करितात, आणि त्यांचें कुळ ओळखावयाची ठळक खूण म्हणजे डोळेच: पुढें चार लहान, त्यांमागें दोन टपोरे, आणखी मागें दोन. खूणच पुसली गेली असतां कुळ कसें सांगावें? मात्र कोळ्यांचें वर्गीकरण डोळ्यांवरच थांबत नाहीं. पायांच्या नख्या आणि विशेषतः प्रजननाच्या अवयवांची घडण त्यांत निर्णायक ठरते. १९७३ सालीं गर्च यांनीं या जातीस लांडगा-कोळ्यांतच बसविलें. मात्र तिच्यासाठीं अॅडेलोकोसा ही नवी प्रजाति निर्मिली. जातीचें नांव ठेविलें अॅनॉप्स, म्हणजे नेत्रहीन. त्याच लेखांत हवाई बेटावरच्या भुयारांतील दुसरा एक लांडगा-कोळी वर्णिला आहे. त्याचे डोळे क्षीण झालेले आहेत, पण गेलेले नाहींत. हा कांहीं कौआईच्या कोळ्याचा पूर्वज नव्हे. तरी दृष्टि एकदम मालवत नाहीं, पायरीपायरीनें मंदावते, याची साक्ष त्यानें दिली.

अॅडेलोकोसा प्रजातींत आजही ही एकच जाति आहे. मादी एका वेळीं १५ ते ३० अंडीं घालते. उजेडांतल्या भाऊबंदांच्या मानानें हें फारच थोडें. तिचें एक भक्ष्य म्हणजे कोलोआच्या भुयारांतलाच एक आंधळा, कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला इवलासा जीव. तो कुजक्या मुळांवर आणि पालापाचोळ्यावर जगतो. म्हणजे वरचीं झाडें गेलीं कीं खालची पंगत उठली. कोलोआच्या जमिनीवर १८३५ पासून उसाचे मळे झाले, पुढें रस्ते आणि विश्रामस्थानें आलीं. २००० सालीं अमेरिकन सरकारनें भक्ष्य व भक्षक या दोघांनाही विनाशाच्या वाटेवरील जीवांच्या यादींत एकदमच घातलें.