दोन इंच थर्माकोल आणि दौलताबादचा तट

आमच्या शहरात एप्रिल लागला की गच्चीवर चुना निघतो आणि गप्पांत आजोळचं माळवद. ‘जाड भिंत, जाड छत, म्हणून घर गार. तुमचा थर्माकोल फुंकरीने उडतो, तो ऊन काय अडवणार?’ गुलमंडीपासून सिडकोपर्यंत हा पूर्वपक्ष पक्का आहे.

त्यातलं अर्धं खरं. हातभर मातीचं माळवद किंवा दोन हात दगडी भिंत दिवसभर ऊन पिते; ते आत पोचेपर्यंत रात्र होते आणि चौकातला वारा ते घेऊन जातो. पण हे उष्णता लांबणीवर टाकणं झालं, अडवणं नव्हे. शिवाय आज डोक्यावर माळवद आहे कुणाच्या? आहे तो पाच इंची स्लॅब, लांबणीवर टाकायला तोकडा आणि अडवायला कुचकामी. मे महिन्यात रात्री दहाला वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला तळवा लावून पाहा. नुकत्याच उतरवलेल्या तव्याची आठवण होते.

उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. थर्माकोलमध्ये 98 टक्क्यांच्या आसपास हवाच असते, बारीक बंद कप्प्यांत अडकलेली. तो हलका आहे म्हणूनच कामाचा आहे. उष्णतावाहकतेचा आकडा काँक्रीटचा साधारण 1.5, थर्माकोलचा 0.035. म्हणजे दोन इंच थर्माकोलची बरोबरी करायला सात फूट काँक्रीट ओतावं लागेल! एवढी जाडी दौलताबादच्या तटालाच शोभते.

हिशेब पटत नसेल तर मासळीवाल्याची पेटी उघडताना बघा. अंगठ्याएवढी पांढरी भिंत, आणि रात्रभराच्या प्रवासानंतरही आत बर्फ शिल्लक.

‘कूलर आहे की!’ आहे. पण नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तो बादल्यांनी पाणी पितो. ‘सरकारने 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आणली ना?’ आणली, रोख होता तो ताटं-वाट्या आणि मखरांवर, वापरून फेकायच्या वस्तूंवर.

आगीचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य. थर्माकोल वितळतो, पेटतो, काळा धूर ओकतो. म्हणून खोलीच्या आतून तो उघडा चिकटवणाऱ्याला मी मूर्खच म्हणेन. त्याची जागा स्लॅबच्या वर, काँक्रीटच्या थराखाली. तिथे ठिणगी पोचत नाही, आणि ऊनही स्लॅबला शिवण्याआधीच अडतं. राहता राहिल्या मुंग्या. त्या फोम पोखरून घर करतात हे खरंय. कडेच्या फटी सिमेंटने नीट बुजवून घ्या.